भोपळ्यातून कादंबरीत

केनियातल्या गिकुयू समाजात गिशांदी हा जुना काव्यखेळ आहे. वाळवलेल्या भोपळ्यात बिया भरायच्या, त्याच्या सालीवर चिन्हं कोरायची आणि तो खुळखुळवत दोन गायकांनी एकमेकांना कोडी घालायची. हरणाऱ्यानं भोपळा गमवायचा. आपल्या कलगीतुऱ्यासारखीच ही भर लोकांतली झुंज.

हा गायक कादंबरीत आला तो तुरुंगातून. न्गूगी वा थिओंगो हे मकेरेरे विद्यापीठात कादंबरीकार कॉन्रॅड अभ्यासलेले लेखक. अनेकांच्या आठवणींतून काळ मागेपुढे नेण्याचं त्याचं तंत्र त्यांनी 1967च्या ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’मध्ये कसबानं वापरलं. पण ती कादंबरी इंग्रजीत. ज्या शेतकऱ्यांची कथा, त्यांना ती वाचता येत नव्हती. 1977 साली न्गूगी वा मिरी यांच्यासोबत त्यांनी गिकुयू भाषेत नाटक लिहिलं आणि कामिरीथूच्या गावकऱ्यांनी ते उभं केलं. सरकारनं नाटक बंद पाडलं, वर्षअखेरीस लेखकाला खटल्याविना डांबलं. कामिती तुरुंगात संडासातल्या कागदावर त्यांनी गिकुयूतली पहिली कादंबरी लिहिली: ‘शैतानी मुथाराबाइनी’.

तिचा निवेदक गिशांदी गायक आहे. वारिंगा या तरुणीची गोष्ट सांगू नकोस, गावाची बदनामी होईल, असं काही जण त्याला बजावतात. तिची आई रडत विनवते, तेव्हा तो तयार होतो. इथेच आशयाला वळण मिळतं. मुलीवरचा अन्याय तिचं खासगी दुःख न राहता चव्हाट्यावर मांडलेला दावा होतो. पुढे इल्मोरोग गावातल्या गुहेत चोर-दरोडेखोरांची स्पर्धा भरते. परदेशी भांडवलदारांसमोर देशी धनिक आपल्या लुटीच्या बढाया मारतात. एक जण तर माती मडक्यांत आणि हवा डब्यांत भरून विकायचा बेत सांगतो. मला यात गिशांदीचाच सामना उलटा झालेला दिसतो: शहाणपणाच्या जागी लूट, श्रोत्यांच्या जागी मालक. मूळ खेळ ठाऊक असलेल्यांना स्वातंत्र्यानंतर काय हरपलं ते भाष्याशिवाय कळतं.

कादंबरी 1980 साली निघाली. पहिल्या 5,000 प्रती संपल्या आणि त्याच वर्षी ती आणखी दोनदा छापावी लागली. घरात वाचता येणारा वाचे, बाकीचे भोवती बसून ऐकत. कामगार जेवणाच्या सुट्टीत ती ऐकत. गुत्त्यात वाचणारा ऐन रंगात थांबे आणि कुणी पेला भरून दिल्यावरच पुढे सरके.

पाश्चात्त्य कादंबरी बहुधा एकट्यानं, मनात वाचली जाते. तिथे न्यायनिवाडाही एकट्याच्या मनात होतो. न्गूगींनी निवेदक निवडला, त्यासोबत त्याचा जमावही निवडला. लुटीचा जाब सगळ्यांनी मिळून विचारायचा, हे त्या कादंबरीचं म्हणणं. भोपळा वाजवणाऱ्या गायकाशिवाय ते एवढ्या ताकदीनं पोचलं नसतं.