ऑक्सिजनयुक्त पाणी आणि शुगर: बाटलीत काय असतं, रक्तात काय पोचतं

पिण्याच्या पाण्यात दाब देऊन जास्तीचा ऑक्सिजन मिसळला की त्याला ऑक्सिजनयुक्त पाणी म्हणतात. कोणी बाटल्या विकतो, कोणी घरी बसवायचं यंत्र. हे पाणी प्याल्याने टाईप 2 डायबिटीस म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘शुगर’ ताब्यात येते, असा प्रचार व्हॉट्सअॅपवर आणि ओळखीपाळखीतून आपल्या मोहल्ल्यांपर्यंत पोचला आहे.

आमच्या नात्यातल्या, अकोल्याला राहणाऱ्या एका खालांनी असं पाणी दोन महिने घेतलं. पाणी पिण्याला कोणाची हरकत नव्हती. पण विकणाऱ्याने सांगितलं, "आता गोळ्यांची गरज नाही," आणि खालांनी मेटफॉर्मिन बंद केली. घरात कोणाला सांगितलं नाही, कारण गोळीने पोटात गडबड होते ही त्यांची जुनी तक्रार. उपाशीपोटीची शुगर 130 च्या आसपास असायची, ती 260 च्या वर गेली. चप्पल लागून पायाच्या बोटाला झालेली साधी जखम भरेना, तेव्हा सगळं उघडकीला आलं. काही आठवडे इन्सुलिन घ्यावं लागलं. बोट वाचलं, अल्हम्दुलिल्लाह. त्यानंतर घरात आणि स्टाफरूममध्ये आम्हाला हाच प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी पाण्याचा हिशोब. साध्या पाण्यातही ऑक्सिजन असतोच. हवेच्या संपर्कात असलेल्या 25 अंशाच्या एक लिटर पाण्यात तो साधारण 8 मिलिग्रॅम विरघळलेला असतो. पाणी तापलं की हे प्रमाण घटतं. उकळून गार केलेलं पाणी बेचव लागतं त्याचं एक कारण हेच, त्यातली हवा निघून गेलेली असते. दाब वाढवला की जास्त वायू विरघळतो, आणि दाब काढला की तो बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडल्यावर फस्स होतं तो हाच नियम, जो आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यात झाकण उघडून उशाशी ठेवलेल्या बाटलीतला जास्तीचा ऑक्सिजन दुपारपर्यंत खोलीच्या हवेत मिसळायला लागलेला असतो.

तरी विकणाऱ्याच्या बाजूने उदार हिशोब करू. समजा एका लिटरमध्ये दहापट, म्हणजे 80 मिलिग्रॅम ऑक्सिजन भरला, बाटली उघडताना काहीच उडालं नाही आणि पोटात गेलेला सगळाच्या सगळा रक्तात शोषला गेला. 80 मिलिग्रॅम म्हणजे वायूच्या रूपात सुमारे 60 मिलिलिटर. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचं शरीर मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. म्हणजे अख्ख्या बाटलीतला ऑक्सिजन जेमतेम 15 सेकंदांचा. तीन-चार श्वासांत फुफ्फुसं तेवढा काम करून मोकळी होतात, आणि त्याचे पैसे कोणी मागत नाही. मासे पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात हे खरं, पण त्यांना कल्ले असतात आणि त्यांच्या कल्ल्यांवरून पाणी सतत वाहत असतं. आपलं पोट हे श्वास घेण्याचं इंद्रिय नाही.

दुसरा मुद्दा रक्ताचा. ऑक्सिजन हा शब्द आपल्या भागात 2021 पासून वेगळ्याच वजनाने ऐकला जातो. त्या वर्षी 22 फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागला, पुढे एप्रिल-मेमध्ये सिलिंडरसाठी लोक रात्र-रात्र फिरले. ती धास्ती मनातून गेलेली नाही, आणि अशा बाटल्या नेमक्या त्या धास्तीवर विकल्या जातात. पण त्याच दिवसांत घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. कपाटात पडलेलं असेल तर काढा, सेल बदला आणि शुगर असलेल्या माणसाच्या बोटाला लावा. फुफ्फुसं आणि हृदय ठीक असतील तर आकडा 95 ते 99 दिसेल. म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ काठोकाठ भरलेलं आहे. 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहून नेतं, नुसता विरघळलेला जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार?

आणि शुगरचा आजार रक्तात ऑक्सिजन कमी पडल्याने होतच नाही. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन पेशींना साखर आत घ्यायला लावतं. टाईप 2 मध्ये पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, यकृत गरज नसताना साखर सोडत राहतं, आणि काही वर्षांनी स्वादुपिंडही थकतं. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताला आवर घालते. चालणं, वजन कमी करणं यांनी पेशी पुन्हा दाद देऊ लागतात.

विकणारे दोन गोष्टी अर्धवट सांगतात, त्या पूर्ण माहीत असाव्यात. एक म्हणजे लठ्ठपणात चरबीच्या पेशींच्या आसपास ऑक्सिजन कमी पडतो आणि त्याचा इन्सुलिनशी संबंध असावा, यावर संशोधक खरोखर काम करतात. पण तो प्रश्न त्या जागी रक्त कमी पोचण्याचा आहे, पिण्याच्या पाण्याने तो सुटत नाही. दुसरी, शुगरमुळे पायाला झालेल्या जखमांवर ‘हायपरबॅरिक ऑक्सिजन’ ही उपचारपद्धत आहे. त्यात रुग्णाला बंद कक्षात हवेच्या दोन-अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासातून देतात, तोही निवडक जखमांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत. बाटलीचा आणि त्याचा संबंध फक्त नावापुरता.

हा धंदा नवा नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात ‘व्हिटॅमिन ओ’ नावाने ऑक्सिजनचे थेंब विकले जात होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 1999 मध्ये कारवाई केली. ते द्रावण मुळात मिठाचं पाणी असल्याचं समोर आलं आणि 2000 साली विक्रेत्यांना 3 लाख 75 हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

कोणी ‘आमच्याकडे रिसर्च आहे’ म्हणत कागद दाखवला तर घाबरू नका, शाळेतल्या परीक्षकासारखं विचारा. किती माणसांवर प्रयोग केला? अर्ध्या लोकांना तशाच बाटलीत साधं पाणी दिलं होतं का? गोळ्या चालू होत्या की बंद? आणि तीन महिन्यांच्या एचबीए1सीचा आकडा किती उतरला? सकाळची एक तपासणी बघून काही कळत नाही, रात्री पोळी कमी खाल्ली तरी ती खाली येते. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते: 5.7 च्या खाली ठीक, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर, 6.5 आणि वर म्हणजे डायबिटीस. आपल्या विदर्भात सिकलसेल आढळतो, रक्त कमी असण्याची तक्रारही पुष्कळ घरांत असते. अशा वेळी हा आकडा फसवू शकतो, म्हणून डॉक्टरांना ते आधी सांगावं.

साधं पाणी मात्र कामाचं आहे. शुगर वाढली की लघवी जास्त होते, शरीर कोरडं पडतं आणि उन्हाळ्यात ते आणखी बिघडतं. तहानेला शरबत, कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस यांऐवजी पाणी घेतलं तर तेवढी साखर पोटात जातच नाही. पाण्याचा खरा फायदा हा आहे, आणि तो माठातल्या पाण्यालाही तितकाच लागू आहे. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी किती प्यावं हे डॉक्टरांनाच विचारावं. आपल्याकडे पाण्याचा खरा प्रश्न वेगळाच आहे, तो खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूरपासून अकोल्याच्या गावांपर्यंत बोअरचं पाणी खारट आहे. ज्यांना शुगरसोबत बीपी आहे त्यांच्या पोटात खारट पाण्यातून जास्तीचं मीठ जातं. दोन-अडीच हजार महिन्याला बाटल्यांवर घालवण्यापेक्षा आपल्या बोअरचं पाणी तपासून घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

रमजानचंही विचारलं जातं. सहरीला ‘ऑक्सिजनचं पाणी’ घेतलं की रोजात शुगर सांभाळते, असं कोणी सांगत असेल तर त्याला काही आधार नाही. रोज्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्या लागतात. रोजात शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. तरी आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्या.

आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे. इतकं मोठं गिऱ्हाईक असल्यावर माल येतच राहणार. तपासणीला मात्र पैसे लागतातच असं नाही. तिशीपुढच्या सर्वांची शुगर-बीपी तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात होते, आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, अमरावतीच्या इर्विनसह, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

कायदाही स्पष्ट आहे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत डायबिटीस आहे. तो बरा करण्याची किंवा टाळण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खाण्यापिण्याच्या वस्तूची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, ग्राहक हेल्पलाईन 1915 वरही करता येते. त्यासाठी बाटली, पावती आणि व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. खालांच्या वेळी आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, बाटल्या भंगारवाल्याला गेल्या होत्या.