अनंताची पाने पिवळी का पडतात?

अनंत, एक्झोरा, जास्वंद, तगर आणि कण्हेर ही बारमाही हिरवी राहणारी फुलझाडे म्हणजे शहरी बागांची शोभा. फुले नसतानाही त्यांच्यामुळे अंगण किंवा गच्ची ओकीबोकी वाटत नाही. मात्र, कोकणात सहज बहरणारा अनंत पुणे, सोलापूर वा नागपूर येथे लावला, की काही महिन्यांत पिवळा पडू लागतो, असा अनुभव अनेकांना येतो. पाणी कमी पडत असावे, या समजुतीने ते वाढवले जाते आणि मुळे कुजून झाड हातचे जाते. खरे कारण अनेकदा मातीत दडलेले असते.

मातीचा गुणधर्म

अनंत आणि एक्झोरा यांना आम्लधर्मी माती मानवते. सामू ५ ते ६.५ असल्यास त्यांची वाढ चांगली होते. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असते. देशावरील व विदर्भातील काळी माती बहुधा अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. अशा मातीत लोह असले, तरी मुळांना ते शोषून घेता येत नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे त्यात भर पडते.

लक्षणे कशी ओळखावीत?

कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता समजावी. आधी जुनी, खालची पाने सर्वत्र सारखी पिवळी पडत असल्यास नत्र कमी असण्याची शक्यता असते. माती सतत ओली असूनही पाने मलूल होत असतील, तर पाण्याचा निचरा तपासावा. वाळलेल्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले, तर तीत चुना आहे, हे निश्चित.

उपाय

काळ्या मातीच्या प्रदेशात अनंत व एक्झोरा कुंडीत लावणे सोयीचे. जांभ्याची लाल माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. पिवळेपणा दिसताच चिलेटेड लोहाची फवारणी पाकिटावरील प्रमाणानुसार संध्याकाळी करावी. अंड्यांची टरफले, चुना किंवा लाकडाची राख या झाडांना घालू नये. त्यामुळे सामू आणखी वाढतो.

छाटणीची वेळ

जास्वंद आणि कण्हेर यांना नव्या फुटव्यांवर फुले येतात. त्यामुळे छाटणीनंतर बहर वाढतो. अनंताची हलकी छाटणी मात्र बहर ओसरल्यावर लगेच करावी. उशीर झाल्यास पुढील बहराच्या कळ्याच छाटल्या जातात. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा आणि नंतर निंबोळी अर्क फवारावा.

पर्याय कोणता?

माती बदलणे शक्य नसल्यास कण्हेर हा उत्तम पर्याय. चुनखडीच्या जमिनीत आणि कमी पाण्यातही ती तग धरते. तथापि, तिचे सर्व भाग विषारी असून, हृदयावर परिणाम करतात. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरी ती लावणे टाळावे. छाटणी करताना हातमोजे वापरावेत आणि छाटलेल्या फांद्या जाळू नयेत. त्यांचा धूरही अपायकारक असतो.