तिबेटी मुलींचे दत्तक पालक आणि आपल्या बारावीनंतरच्या मुली

पुणे-सातारा महामार्गावर किकवीच्या थांब्यावर सकाळी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या शाळकरी मुली दिसतात. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे तोवर घरचे फारसे अडवत नाहीत. पुढे पासाला पैसे पडतात, संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्कामाचा प्रश्न येतो, आणि पुण्यात राहायचे म्हटले तर खोली आणि खानावळ आली. फी माफ असूनही मुलगी घरी बसते ती इथे. भोर-वेल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांत हे आम्ही वारंवार पाहतो. म्हणूनच दूरच्या मदतीवर मुली शिकवणाऱ्या एका बौद्ध समाजाचा अनुभव इथे मांडत आहोत.

1959 नंतर भारतात आलेले तिबेटी निर्वासित सुरुवातीला डोंगरी रस्त्यांच्या कामावर होते. मुले आजारी पडत होती, दगावत होती. 17 मे 1960 रोजी जम्मूकडच्या छावण्यांतून 51 मुले धर्मशाळेला आणली गेली. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ सुरू केला. 1964 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम हाती घेतले आणि पुढची चार दशके चालवले. त्यातून 'तिबेटियन चिल्ड्रन्स व्हिलेज' ही संस्था उभी राहिली. मुले मोठ्या कोठडीवजा वसतिगृहात राहत नाहीत. छोट्या घरांत, सांभाळणाऱ्या आईसोबत राहतात. खर्चाचा मोठा भाग परदेशातल्या दत्तक पालकांकडून येतो. एका मुलामागे एक पालक, ठरलेली रक्कम, आणि मुलाकडून पालकाला पत्र. ही मदत एका वर्षाची नसते, मूल शिकत असेपर्यंत चालावी अशी तिची रचना आहे.

आपल्या महाराष्ट्रातही तिबेटी वसाहत आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळचे नोर्ग्येलिंग 1972 मध्ये वसले. नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणून हिवाळ्यात शहरांच्या फुटपाथवर स्वेटर विकायला जायचे, हा तिबेटी कुटुंबांचा जुना रिवाज. पुण्या-नागपुरात त्यांच्याकडून स्वेटर आपण सगळ्यांनीच घेतले असतील. आईबाप चार महिने परगावी असताना लेकरांनी कुठे राहायचे? धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरलीला घरी ठेवायचे, हे उत्तर कोणत्याही गरीब घरात तयार असते. निवासी शाळा आणि दत्तक पालक यांमुळे तिबेटी समाजाला दुसरे उत्तर मिळाले. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या घरांतल्या मुलींना ते अजून पुरतेपणी मिळालेले नाही.

भिक्षुणींचे उदाहरण आम्हाला सर्वांत बोलके वाटते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिबेटच्या खेड्यांतून हिमालय ओलांडून आलेल्या अनेक भिक्षुणींना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. 1987 मध्ये 'तिबेटियन नन्स प्रोजेक्ट' सुरू झाला आणि दत्तक पालकांच्या वर्गणीवर त्यांचे जेवण, निवास आणि शिक्षण चालू लागले. बौद्ध तत्त्वज्ञानातली सर्वोच्च गेशे पदवी तोवर पुरुषांपुरतीच होती. तिच्यासाठी सतरा-अठरा वर्षे अभ्यास आणि मग चार वर्षे परीक्षा. डिसेंबर 2016 मध्ये कर्नाटकातल्या मुंडगोड येथे दलाई लामांच्या हस्ते 20 भिक्षुणींना गेशेमा पदवी मिळाली. कोणी दरवर्षी वह्या वाटून हे झाले नसते. इतकी वर्षे ताटात जेवण आणि डोक्यावर छप्पर राहिले, म्हणून झाले.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. 1913 मध्ये बाबासाहेबांना सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा साडेअकरा पौंड मिळाले, तीन वर्षांसाठी, लेखी करार करून. रक्कम ठरलेली आणि मुदतही ठरलेली. 1980 च्या दशकात आपल्या राज्यात सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना आली, पण तिचा भर शाळकरी मुलींवर राहिला. त्याच सुमारास बहुजन हितायची वसतिगृहे उभी राहत होती. त्यांना पैसा पुरवणारी ब्रिटनमधली करुणा ट्रस्ट 1980 मध्ये 'एड फॉर इंडिया' या नावाने सुरू झाली. तिथले बौद्ध कार्यकर्ते अनोळखी दारे ठोठावून लोकांकडून दरमहा देणगीचा शब्द घेत. आपल्या अनेक मुलामुलींच्या पदव्यांमागे त्या लोकांचे छोटे मासिक हप्ते आहेत.

आजच्या मुलीसाठी सरकारी वसतिगृह आहे. तिथे जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्याला तिच्यातून वर्षाला 60,000 रुपये मिळतात. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आणि किमान गुणांची अट आहे. योजना चांगली आहे, ती मागितलीच पाहिजे, आणि त्यासाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला दहावीतच काढून ठेवला पाहिजे. पण घरमालक अनामत जूनमध्ये मागतो आणि सरकारी पैसे नंतर येतात. मधल्या महिन्यांत सावकार तरी गाठावा लागतो, नाहीतर मुलीला परत बोलावतात.

आणि गुणांचे काय? आपण जयंतीला नव्वद टक्केवालीचा सत्कार करतो, फेटा बांधतो, फोटो काढतो. बावन्न टक्केवाली त्याच मांडवात मागे बसलेली असते, आणि पुढच्या जयंतीपर्यंत तिचे लग्न ठरलेले असते. 1960 च्या त्या 51 मुलांना कोणी गुणपत्रिका विचारली नव्हती.

बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपुरात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितला. नोकरीला लागलेल्या दहा तरुणांनी त्यातले दरमहा पाचशे एकत्र केले, तर एका मुलीची खोली आणि खानावळ चालते. काम विहारामार्फत करावे, बँकेत स्वतंत्र खाते असावे, आणि तीन वर्षांचा शब्द आधी द्यावा. कोणाची नोकरी गेली तर त्याचा वाटा कोण उचलणार, तेही आधीच ठरवावे. तिबेटी मुलींसारखे पत्र मुलीने लिहिले तर आनंदच आहे, पण ती हिशेबाची अट नसावी. बॅनरपुढचा फोटो तर नकोच. गावातली मुलगी दात्याच्या घरावरून रोज जाते, तिला रोज ओशाळे वाटेल असे दान आपण देऊ नये. निकाल लागण्याआधीच, एप्रिलच्या जयंतीच्या बैठकीत, हा विषय घ्यायला हवा. डीजेच्या वर्गणीची यादी तेव्हाच निघते.