राजभाषेच्या छायेतील मराठी शाळा

निजामाच्या राज्यात १८८४ पासून उर्दू ही कारभाराची भाषा होती. पुढे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू हेच माध्यम स्वीकारले. अशा राजधानीत केशवराव कोरटकर, वामन नाईक आदी मंडळींनी १९०७ साली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा सुरू केली. हे धाडसच होते. कारण सरकारी नोकरीची वाट उर्दूतून जात असे. घरी मराठी, बाजारात दखनी आणि कचेरीत उर्दू, अशा तीन भाषांत हैदराबादचा मराठी विद्यार्थी वाढला. मातृभाषेत विचार करण्याची सवय मात्र त्याला या शाळेने लावली.

१९४८ साली निजामी राजवट संपली. १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. शाळा येथेच राहिली आणि आम्हीही राहिलो.

आमच्या पूर्वजांना मराठी शाळेसाठी राजभाषेच्या प्रवाहाविरुद्ध उभे राहावे लागले. आज आम्हांला कोणी अडवीत नाही. तरी मुलांना इंग्रजी शाळेत घालताना आम्ही क्षणभरही थबकत नाही. शाळेची वास्तू वारशाने मिळते, तिच्यातील विद्यार्थी मात्र प्रत्येक पिढीला आपल्याच घरातून धाडावे लागतात.