एका नेमणुकीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, सेनापती येतात, फार तर एखादा मुत्सद्दी येतो. त्यांच्या हाताखालच्या माणसाची निवड कशी झाली आणि ती का फळाला आली, हे विचारण्याची तसदी बखरकार सहसा घेत नाहीत. पण पुष्कळ लढाया रणांगणावर नव्हे, तर अशा निवडीच्या वेळीच जिंकल्या किंवा हरल्या जातात. आज मी जे उदाहरण आपल्यापुढे ठेवणार आहे ते युद्धाचे नाही, खेळाचे आहे. आणि तेही अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. येथे चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. चेंडू ज्याच्याकडे असेल त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चढाई करणारे गडी वेगळे, बचाव करणारे वेगळे. म्हणून मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली चढाईची आखणी करणारा एक स्वतंत्र साहाय्यक असतो. पदाचे नाव काहीही असो, काम सूत्रधाराचे. संघ हरू लागला की पहिली कुऱ्हाड बहुधा त्याच्यावरच कोसळते.

ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी 1963 साली आपल्या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. परंतु 1965, 1966 आणि 1967 या तिन्ही वर्षी संघ चार-चार सामने हरला. टेक्ससमध्ये फुटबॉल हा निव्वळ खेळ नसून लोकांच्या अभिमानाचा विषय आहे. अशा वेळी एखादा नावाजलेला माणूस बाहेरून आणावा, म्हणजे निदान टीकाकारांची तोंडे तरी बंद होतील, असा मोह कोणालाही झाला असता.

रॉयल यांनी तसे केले नाही. 1968 साली त्यांनी चढाईची सूत्रे एमरी बेलार्ड यांच्या हाती दिली. बेलार्ड तोपर्यंत त्याच संघात बचावाकडच्या गड्यांना शिकवीत होते, आणि तेही एकच वर्ष. त्याआधीची त्यांची उमेद ब्रेकनरिज, सॅन अँजेलो अशा गावांतल्या माध्यमिक शाळांचे संघ घडविण्यात गेली होती. म्हणजे ज्याला आपण शाळामास्तर म्हणू, असा हा माणूस. पण त्या शाळामास्तराच्या संघाने 1966 साली राज्याचे अजिंक्यपद पटकावले होते, आणि वर्षभर बचाव शिकविल्यामुळे बचाव करणाऱ्याला कशाची धास्ती वाटते याचाही त्याला पुरता अंदाज होता.

रॉयल यांच्यापुढे अडचण होती ती संपन्नतेची. ख्रिस गिल्बर्ट, टेड कॉय आणि नवा दमदार गडी स्टीव्ह वूस्टर असे तीन उत्तम धावपटू हाताशी होते. तिघांना एकाच वेळी मैदानात कसे राबवावे? बेलार्ड यांनी काढलेली तोड अशी: चेंडू घेणारा क्वार्टरबॅक पुढे, त्याच्या पाठीशी फुलबॅक, आणि त्याच्याही मागे डावी-उजवीकडे दोन हाफबॅक. वरून पाहिले तर ही रचना कोंबडीच्या छातीतल्या बेचकीसारख्या हाडाप्रमाणे दिसे, म्हणून तिला ‘विशबोन’ हे नाव पडले.

या व्यूहाची खुबी अशी की, प्रतिपक्षाच्या दोन गड्यांना मुद्दामच कोणी अडवीत नसे. त्यांतला पहिला फुलबॅकवर धावला नाही तर चेंडू फुलबॅकला द्यायचा. धावला तर क्वार्टरबॅकने तो स्वतःजवळ ठेवून बाहेरच्या बाजूस निघायचे. तेथे दुसरा अंगावर आला की चेंडू शेजारून धावणाऱ्या हाफबॅककडे फेकायचा. प्रतिपक्षाने काहीही केले तरी ते चुकलेच! निर्णय आधी घ्यायचा नाही; शत्रूची चाल पाहून, पळता पळता घ्यायचा. तीन पर्यायांची ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. ह्यूस्टनचे प्रशिक्षक बिल योमन अशाच जातीची चढाई आधीपासून खेळवीत होते. चौथा गडी जोडून तिला नवे रूप दिले ते बेलार्ड यांनी.

आता पाहा. पहिला सामना ह्यूस्टनशीच होता; तो 20-20 असा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात टेक्सस टेकने 31-22 असा पराभव केला. नवा सूत्रधार, नवी रचना, आणि दोन सामन्यांत विजय एकही नाही! माझ्या मते रॉयल यांची खरी परीक्षा नेमणुकीच्या दिवशी नव्हती, ती येथे होती. त्यांनी व्यूह मोडला नाही आणि सूत्रधारही बदलला नाही. फुलबॅकला जरा मागे उभे केले, आणि बिल ब्रॅडली या लोकप्रिय क्वार्टरबॅकच्या जागी जेम्स स्ट्रीटला आणले. त्यानंतर टेक्ससने ओळीने 30 सामने जिंकले. ही मालिका 1 जानेवारी 1971 रोजी नोटर डेमने तोडली.

त्यांतला 6 डिसेंबर 1969 चा आर्कान्सासविरुद्धचा सामना पाहायला खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन आले होते. शेवटच्या चतुर्थांशाच्या आरंभी टेक्सस 14-0 असा मागे होता. अखेरीस आणीबाणीच्या क्षणी, धावण्यावर भिस्त असलेल्या या संघाला रॉयल यांनी लांब पल्ल्याची फेक करावयास सांगितले. ती साधली आणि टेक्सस 15-14 असा जिंकला. साहाय्यकाला मोकळीक देणे म्हणजे स्वतःची जबाबदारी झटकणे नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

परंतु इतिहासकाराने आरती ओवाळून थांबू नये. 1969 चा तो अजिंक्य संघ सर्वस्वी गोऱ्या खेळाडूंचा होता. ज्युलियस व्हिटियर हा कृष्णवर्णीय तरुण त्या वर्षी विद्यापीठात आला, तरी मुख्य संघातून खेळायला त्याला 1970 साल उजाडले. आपल्या पदरी असलेल्या शाळामास्तराची योग्यता ओळखणारी दृष्टी दाराबाहेर उभ्या असलेल्या गुणी मुलांपर्यंत पोचायला एवढी वर्षे लागली. निवड करणारा कितीही चतुर असला तरी ज्यांना दारातच अडविले आहे त्यांच्यातून तो कोणाला निवडणार?

पुढची कथा थोडक्यात सांगतो. ओक्लाहोमाने 1970 मध्ये हाच व्यूह उचलला. अलाबामाचे बेअर ब्रायंट 1971 मध्ये रॉयल यांच्याकडून तो शिकून गेले. रॉयल यांनी विद्या लपविली नाही. त्याच वर्षापासून ओक्लाहोमाने टेक्ससला ओळीने पाच वर्षे हरविले. बेलार्ड 1972 साली टेक्सस ए अँड एम या जुन्या प्रतिस्पर्ध्याचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि 1975 व 1976 या दोन्ही वर्षी त्यांच्या संघाने रॉयल यांच्या संघाला पराभूत केले. 1976 हेच रॉयल यांचे अखेरचे वर्ष ठरले.

मग ही नेमणूक चुकली म्हणायची काय? मला तसे वाटत नाही. बेलार्ड गेल्यावरही 1972 आणि 1973 साली टेक्ससने आपल्या विभागाचे अजिंक्यपद राखले. म्हणजे त्या माणसाने आपल्यामागे रीत ठेवली होती. जो साहाय्यक कधीच सोडून जाणार नाही, ज्याची विद्या कोणी मागायला येणार नाही, असा माणूस निवडणे सोपे असते. पण त्याच्या हातून 30 विजय घडत नाहीत. उद्या आपल्यावर चाल करून येण्याइतका जो समर्थ आहे, त्याच्याच हाती आज सूत्रे द्यावी लागतात. संस्था चालविणारे जे कोणी येथे बसले असतील, त्यांनी पुढची नेमणूक करताना एवढे धैर्य आपल्यापाशी आहे की नाही, हे आधी मनाशी ताडून पाहावे.