शहापूर-मुरबाडच्या पिठांची कुळकथा

मुंबईच्या सुखवस्तु घरांत सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर हल्लीं एक मोठा डबा दिसूं लागला आहे. त्यांत पांढुरकी भुकटी असते. तिचे दोन चमचे दुधांत, धिरड्यांत किंवा थालिपिठांत मिसळले म्हणजे शरीरास प्रथिनें मिळतात आणि पोटासही तीं मानवतात, अशी ग्वाही डब्यावर छापलेली असते. ही कल्पना नवी आणि परकी आहे, असा पुष्कळांचा समज आहे. पण ज्या शहापूर तालुक्यांतून मुंबईच्या नळांना पाणी येतें, त्या तालुक्यांतील आणि शेजारच्या मुरबाडांतील जुन्या चुलींची थोडी चौकशी केली तर हा समज फार वेळ टिकत नाहीं. प्रथिनांनीं भरलेलें पीठ तेथें पिढ्यान्‌पिढ्या होतें; तें पोटास मानवावें म्हणून काय करावें याचेंही ज्ञान होतें. नव्हती ती एकच गोष्ट : पिकविणाराच्या घरीं तें पीठ बाराही महिने शिल्लक राहण्याची शाश्वति.

भाजलेल्या धान्याचें पीठ जवळ बाळगावें आणि भूक लागली म्हणजे पाण्यांत कालवून खावें, ही रीत या देशांत फार जुनी. ‘सक्तु’ हा शब्द ऋग्वेदांत आलेला आहे. त्याचाच आजचा अवतार म्हणजे सातूचें पीठ. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ या काळांत जें उत्खनन केलें, त्यांत तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांच्या वस्तींत कुळथाचे दाणे मिळाले. इनामगांवाहून वायव्येस गेलें कीं जुन्नर, आणि जुन्नराहून नाणेघाट उतरला कीं मुरबाड तालुका. सातवाहन राणीचा प्रसिद्ध शिलालेख ज्या लेण्यांत आहे, तें याच घाटांत. सोपारा व कल्याण या बंदरांचा माल त्या वाटेनें वर जाई. परतीच्या बैलांच्या पाठीवर घाटावरचें कडधान्य येत नसेल असें मानणें कठीण आहे. पुढें चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत, म्हणजे ११२९ च्या सुमारास, अनेक डाळींच्या एकत्र पिठाचा एक पदार्थ वर्णिलेला आढळतो. हा राजा कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. ठाण्याच्या कल्याणाशीं त्याचा घोटाळा करूं नये. राजाचा मुदपाकखाना आणि ठाकराची चूल यांत अंतर मोठें, तरी पिठामागची कल्पना एकच.

शहापूर-मुरबाडची जमीन दोन जातींची आहे. सखल खाचरांत भात पिकतें. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीस ‘वरकस’ म्हणतात. तिच्यांत नाचणी, वरी, खुरासणी, उडीद, कुळीथ हीं पिकें येतात. भात कापल्यावर खाचरांत जी ओल उरते तिच्यावर वाल आणि हरभरा पेरतात. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांतही मुख्य पीक भाताचें आणि डोंगरावर नाचणी-वरी, हीच मांडणी दिसते. खाचर बहुधा जमीनदाराचें किंवा सावकाराचें. वरकसावर राबणारा ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर उतारावरील फिरत्या शेतीवर, म्हणजे ‘दळी’वर, निर्बंध आले. राबासाठीं फांद्या तोडण्याच्या हक्कावरूनही एवढी ओरड झाली कीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास सरकारला १८८५ मध्यें कमिशन नेमावें लागलें. जंगलाच्या इतिहासांत ही हकीकत नेहमीं सांगितली जाते. तिचें दुसरें अंग असें कीं, ज्या उतारावर दळी बंद झाली त्या उताराखालच्या घरांतलें नाचणीचें मडकेंही हलकें झालें.

पिठांत पहिला मान कुळथाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम कुळथांत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात. वालांत हा आंकडा २५ च्या घरांत, उडदाच्या डाळींत २४, फुटाण्याच्या डाळींत २२. सडलेल्या तांदळांत मात्र ७ च्याही आंत. नाचणींतलीं प्रथिनेंही ७ च्या आसपासच, पण तिच्यांत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, आणि त्या बाबतींत कोणतेंही नित्याचें धान्य तिच्या जवळपास येत नाहीं.

कुळीथ आधीं मंद आंचेवर भाजावयाचे, जात्यावर भरडून सालें पाखडावयाचीं आणि मग बारीक दळावयाचे. भाजण्यानें नुसता खमंग वास सुटतो असें नाहीं. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचें पचन अडविणारे कांहीं घटक असतात. उष्णतेनें ते बव्हंशीं निकामी होतात. हें पीठ गार पाण्यांत गुठळी न होऊं देतां कालवितात, लसूण-मिरचीच्या फोडणीवर ओततात, वर दोन आमसुलें टाकतात आणि सारखें ढवळीत शिजवितात. पातळ ठेवलें तर तें भातावर घ्यावें, घट्ट केलें तर नाचणीच्या भाकरीशीं. या जोडींतही मर्म आहे. लायसिन नांवाचें जें अमिनो आम्ल डाळींत मुबलक, तें तांदळांत थोडें; मेथिओनिन तांदळांत बरें, तें डाळींत अपुरें. दोन्ही एका ताटांत आलीं कीं एकाची उणीव दुसरें भरून काढतें. घाट चढून जुन्नराकडे गेलें म्हणजे याच पिठाचे शेंगोळे होतात.

वालाची तऱ्हा निराळी. वाल भिजवावे, फडक्यांत बांधून मोड आणावे, कोमट पाण्यांत टाकून एकेक दाणा सोलावा, तेव्हां कोठें बिरडें चुलीवर चढतें. हा सोपस्कार केवळ नाजुक जिभेसाठीं असता तर गरिबाच्या घरीं टिकला नसता. कडधान्यांत कांहीं शर्करा अशा असतात कीं त्या फोडणारें पाचकद्रव्य माणसाच्या आंतड्यांत नसतें. त्या तशाच मोठ्या आंतड्यांत उतरतात, तेथील सूक्ष्म जंतूंच्या वांट्यास जातात आणि वायु धरतो. भिजवणाचें पाणी फेकून दिल्यानें व मोड आणल्यानें त्या पुष्कळ कमी होतात. ज्या थोड्या उरतात त्या आंतड्यांतील उपयुक्त जंतूंना पोसतात. डब्यावर ‘पोटाला मानवणारें’ म्हणून आज जें छापतात, त्यांतलें बरेंचसें बिरडें सोलणाऱ्या स्त्रीच्या बोटांना ठाऊक होतें.

आंबील ही या सर्वांची वडील बहीण म्हणावी. नाचणीचें पीठ रात्रीं पाण्यांत अगर ताकांत भिजवून ठेवलें कीं सकाळपर्यंत आंबतें. मग तें शिजवून, निववून, मीठ व ताक घालून पितात. आंबण्यानें धान्यांतील फायटिक आम्ल घटतें आणि त्यानें अडवून धरलेलें लोह व कॅल्शियम अंगीं लागण्यास मोकळें होतें. लहान मुलासाठीं नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात. मोड आले कीं धान्यांतील पिष्ट फुटूं लागतें, म्हणून अशा पिठाची पेज घट्ट होत नाहीं आणि तेवढ्याच वाटींत अधिक पीठ मावतें. ज्या बाळाचें पोट मुठीएवढें, त्याला हा फरक लहान नाहीं. ठाण्या-कल्याणाच्या पांढरपेशा घरांतील मेतकूट आणि उडदाचें डांगर हीं याच कुळांतलीं. मेतकुटांत हरभऱ्याची व उडदाची डाळ, तांदूळ, धने, जिरें, मेथी हें सारें निरनिराळें भाजून एकत्र दळतात, आणि आजाऱ्याच्या मऊ भातावर त्याचा पहिला हक्क असतो.

मग एवढें ज्ञान असतां याच मुलुखांतलीं मुलें हडकुळीं कां राहिलीं? याचें उत्तर चुलींत सांपडत नाहीं, कोठारांत सांपडतें. आषाढ-श्रावणांत, लावणीचें काम ऐन भरांत असतां, कुळाच्या घरचें धान्य संपलेलें असे. तेव्हां सावकाराकडून ‘खावटी’ घ्यावयाची आणि पीक आलें म्हणजे दीडपटीनें, कोठें दुपटीनें फेडावयाची. फेड बहुधा खळ्यावरच होई. जें कडधान्य विकण्याजोगें तें बाजाराची वाट धरी. १८६१ सालीं लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोंचल्यावर शहापूरच्या मालाला मुंबई आणखी जवळ आली. कातकरी रानांतले कडू कंद खणून, उकडून, वाहत्या पाण्यांत ठेवून त्यांचा कडूपणा घालवीत आणि त्यांवर पावसाळ्याचे दिवस काढीत. कंदांत पिष्ट भरपूर, प्रथिनें नाममात्र. ज्या हातांना वाल सोलण्याची कला अवगत, त्या हातांत श्रावणांत वालच नसत.

माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांना लोक १९४२ चे क्रांतिकारक म्हणून ओळखतात. २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीनें त्यांना व हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. पण विजेचे मनोरे पाडण्यास निघण्यापूर्वीं त्यांनीं एक शांत काम आरंभिलें होतें : सावकाराच्या पकडींतून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनीं धान्यकोठ्या काढल्या होत्या. अशा कोठीचें तत्त्व साधें असतें. सुगींत प्रत्येकानें थोडें धान्य घालावें, पावसाळ्यांत गरजूनें न्यावें आणि माफक वाढीनें परत करावें. मनोऱ्यांची कथा रोमहर्षक आहे, आणि म्हणूनच कोठ्यांची कथा मागें पडली. शहापूर-मुरबाडच्या पोटाच्या इतिहासांत मात्र तिची योग्यता अधिक आहे.

डब्यांतील भुकटीचा इतिहास या काळांत निराळ्याच वाटेनें चालला होता. हॉर्लिक बंधूंच्या माल्टयुक्त दुधाच्या भुकटीला अमेरिकेंत १८८३ मध्यें पेटंट मिळालें. मोड आणलेल्या धान्याचीच ती युक्ति, यंत्रानें केलेली. स्वातंत्र्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेनें तेल काढलेल्या भुईमुगाचें पीठ तीन भाग आणि फुटाण्याचें पीठ एक भाग असें ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केलें. त्यांत ४० टक्क्यांच्या वर प्रथिनें होतीं. गरीब देशांत तुटवडा आहे तो प्रथिनांचा, अशी त्या वेळीं जगभर समजूत होती. ती उखडून टाकणाऱ्यांत एक मराठी संख्याशास्त्रज्ञ पुढें होते. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ मध्यें जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनीं दाखवून दिलें कीं, ज्यांना प्रथिनें कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळांत पोटभर अन्नच मिळत नाहीं. अन्न अपुरें असलें कीं खाल्लेलीं प्रथिनेंही शरीर सरपणासारखीं जाळून टाकतें. १९७४ मध्यें मॅक्लारेन यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकांत प्रथिनांच्या त्या जागतिक मोहिमेची गणना फजितींत केली. उपाशी पोटीं घेतलेल्या भुकटीचें होतें काय, हें कातकऱ्याच्या झोंपडींत ज्यानें श्रावण पाहिला त्याला वेगळें सांगावें लागलें नसतें.

यानंतरच्या सरकारी योजनांचा क्रम थोडक्यांत असा : २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तरीही १९९२-९३ मध्यें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, जव्हारकडील वावर-वांगणी येथें, बालमृत्यूंनीं हाहाकार झाला. २०१४ सालीं जव्हारसह पश्चिमेचा मुलूख पालघर जिल्ह्यांत गेला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यांतच राहिले. २०१५ पासून आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना ‘अमृत आहार’ योजनेंतून रोज एक वेळचें ताजें जेवण देण्याचें ठरलें. भुकटीच्या पुड्यापेक्षां भात, डाळ, भाकरी आणि अंडें यांचें ताट देण्याकडे हा कल झुकला, तो सुखात्म्यांच्या हिशेबाशीं जुळणारा आहे.

शहरांतील गृहिणीपुढें अर्थात्‌ हा प्रश्न नाहीं. तिच्या घरीं अन्न पुरेसें आहे. तिनें हिशेब मोकळेपणानें करावा. दुधाच्या निवळीपासून केलेल्या भुकटीच्या ३० ग्रॅमांत साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनें मिळतात. तेवढ्याच कुळथाच्या पिठांत ६ ते ७. आंकड्यांत डबा जिंकतो. पण कुळथाबरोबर चोथा, खनिजें आणि जंतूंचें अन्न येतें, शिवाय किंमत कितीतरी कमी. थालिपिठाच्या भाजणींत चौथा हिस्सा कुळथाचें किंवा फुटाण्याचें पीठ सहज खपतें. दह्यांत मेतकूट, ताकांत फुटाण्याचें पीठ व जिरेंपूड, मुलांच्या नाचणीच्या सत्त्वांत मुगाच्या भाजलेल्या डाळीची पूड, हे प्रकार रोजच्या स्वयंपाकांत खळबळ न करतां बसतात. ज्याला कडधान्याची संवय नाहीं त्यानें एका चमच्यानें आरंभ करावा. आंतड्यांना नव्या पाहुण्याची ओळख होण्यास आठ-पंधरा दिवस लागतात.

डब्यांतील भुकटी वापरावयाचीच असेल तर ती उकळत्या पेजेंत घालूं नये. दुधाच्या निवळींतलीं प्रथिनें फार तापलीं कीं त्यांच्या गुठळ्या होतात. आंबिलीला तोच नियम, कारण मात्र दुसरें. शिजवितांना आंबविणारे जंतु मरून जातात. पेल्यांत जिवंत जंतु येतात ते ताकाबरोबर. म्हणून पातेलें खालीं उतरून, बोटाला सोसेल इतकी आंबील निवाली म्हणजे मगच तिच्यांत ताक घालतात.