नाळेतील रक्ताची गोष्ट

आपल्या पेडण्याच्या बाजूस मूल जन्मले की वार नि नाळ खड्डा खणून पुरण्याची चाल होती. पुढे बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली तेव्हा ती फेकून देण्यात येऊ लागली. या टाकाऊ वस्तूत शंभरेक मिलिलिटर रक्त उरलेले असते, आणि त्या रक्ताने रक्ताच्या कर्करोगाचा रोगी वाचू शकतो, हे वैद्यकाला उमगावयास विसावे शतक सरत यावे लागले. हा इतिहास पॅरिसचा आहे, पण त्याचा एक धागा मुंबईच्या परळातूनही जातो; तेव्हा तुयेतल्या माणसाने तो परक्यासारखा ऐकण्याचे कारण नाही.

१९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना एक विलक्षण रक्त आढळले. तपासणीत ते ‘ओ’ गटासारखे दिसे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. ‘ओ’ गटात असणारे मूळ द्रव्यच त्यात नव्हते. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते, आणि असा माणूस आपल्या देशात दहा हजारांत जेमतेम एक सापडतो. जगाने या गटाला ‘बाँबे’ हेच नाव दिले. रक्त तांबडे दिसले म्हणून ते कोणालाही चालत नाही, हा धडा आपल्याच माणसांच्या रक्ताने असा शिकविला.

परंतु रक्तगट हा या जुळणीचा केवळ उंबरठा होय. १९५८ साली पॅरिसमध्ये झां दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरील खुणांपैकी पहिली खूण ओळखली. वारंवार रक्त घेतलेल्या रोग्यांच्या रक्तजलात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, यावरून त्यांना हा सुगावा लागला. या कामाबद्दल १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या खुणांना ‘एचएलए’ म्हणतात. त्यांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बापाकडून. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. पूर्वीच्या आठ-आठ लेकरांच्या घरात हा हिशेब बरा होता. हल्लीच्या एका-दोघांच्या घरात तो फार अपुरा पडतो.

अस्थिमज्जा बदलताना ही जुळणी इतकी काटेकोर का लागते? कारण येथे धोका दुहेरी असतो. रोग्याचे शरीर परक्या मज्जेला नाकारू शकते. आणि मज्जा रुजलीच, तर तिच्यातील पेशी रोग्याच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडतात. पाहुणाच घरधन्यावर उठावा तसा हा प्रकार. गंमत अशी की येथे रक्तगट जुळला नाही तरी चालते. रोग्याचा गट पुढे दात्याचा होतो! १९८३ साली परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातला हा पहिला यशस्वी प्रयोग. तिला जुळणारा भाऊ होता. ज्याला तसे भावंड नाही, त्याने काय करावयाचे?

उत्तर १९८८ च्या ऑक्टोबरात मिळू लागले. पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात डॉ. एलियान ग्लुकमान यांनी एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. त्याचा आजार कर्करोग नव्हे, रक्त न बनण्याचा एक आनुवंशिक विकार होता. पण वाट खुली झाली. अमेरिकेत डॉ. हॅल ब्रॉक्समेयर यांनी ते रक्त गोठवून जपले होते. पुढे १९९३ साली अनोळखी बाळाचे नाळरक्तही वापरले गेले. नवजाताच्या पेशींना वैर अजून शिकावयाचे असते. म्हणून सहा खुणांपैकी चार जुळल्या तरी नाळरक्त कामास येऊ लागले. मज्जेच्या बाबतीत हे सहसा खपत नसे. उणीव एकच, पण मोठी: पेशी थोड्या असतात. लहान मुलाला त्या पुरतात, प्रौढाला अपुऱ्या पडतात आणि रुजावयास फार दिवस घेतात. तेवढ्या दिवसांत जंतुसंसर्ग गाठतो.

आता व्यवहाराची गोष्ट. बाळंतपणाच्या तोंडावर आईबापांना बाळाचे नाळरक्त पैसे भरून खासगी पेढीत ठेवण्याचा आग्रह होतो. जाहिरात गोड असते. परंतु त्याच बाळाला पुढे रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याचे स्वतःचे नाळरक्त सहसा वापरीत नाहीत. रोगाचे बीज त्यात आधीच असण्याची शक्यता असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही अशा खासगी साठवणीची शिफारस केलेली नाही. घरात आजारी भावंड असेल तर मात्र गोष्ट निराळी. तेथे साठवण जरूर करावी. कर्ज काढून केवळ भीतीपोटी रक्त ठेवण्यापेक्षा माझ्या मते ते सार्वजनिक पेढीला देणे बरे. एचएलएचे काही नमुने विशिष्ट समाजांत अधिक आढळतात, म्हणून आपल्या माणसाला जुळणारे रक्त आपल्यांतच सापडण्याचा संभव जास्त.

अलीकडे अर्ध्या जुळणीवर आई, बाप किंवा मूल यांची मज्जा देण्याची पद्धत पुढे आली आहे. प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन हल्ला करणाऱ्या पेशींना आवर घालतात. त्यामुळे नाळरक्ताचा वापर पुष्कळ ठिकाणी कमी झाला आहे, आणि जुळणारे भावंड नाही म्हणून हात टेकण्याची पाळी पूर्वीइतकी येत नाही.